चार मिनिटांत काय वाचलंस?

बस. आधी लॅपटॉप मिट. स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघ.

सकाळी 10 वाजता तुझ्या हातात स्कोपचं पत्र दिलं. 10 वाजून 4 मिनिटांनी तुझा पोर्ट स्कॅनर, एनमॅप, सुरू. चार मिनिटांत काय वाचलंस त्यातलं? डोमेनचं नाव. बस्स. परवानगी फक्त क्लायंट कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरपुरती आहे, हे दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. पान उलटायचे कष्ट कोण घेणार? ज्या 12 आयपींवर तू पॅकेटं सोडलीस, त्यातले तीन परक्याचे निघाले. पेमेंटचं पान सांभाळणारे वेगळेच लोक आहेत ते. त्यांचा फोन मला आला. हूइज बघायला किती वेळ लागतो रे? बारा आयपींचे मालक शोधायला पाव तास पुरला असता.

'सर, फक्त स्कॅनच तर केला.' हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. परक्याच्या दाराची कडी हलवायची आणि वर म्हणायचं, आत कुठे गेलो? आयटी कायदा 2000. कलम 43 मालकाच्या परवानगीचं. कलम 66 मध्ये बदहेतू दिसला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 70 च्या संरक्षित यंत्रणेत तर घुसायचा नुसता प्रयत्नसुद्धा दहा वर्षांपर्यंत आत बसवू शकतो. परीक्षेत हे सगळं घडाघडा लिहिलंस. पैकीच्या पैकी गुण मीच दिले. मग हात चालवताना ते गेलं कुठे? तुला कळतं, पण वळत नाही.

म्हणे, स्टेल्थ स्कॅन होता, कुणाला दिसला नसता. कुणी शिकवलं हे? हँडशेक अर्धवट सोडला की वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ पडत नाही, इतकंच. फायरवॉलला डोळे नाहीत? स्नॉर्टसारखी पहारा देणारी साधनं कित्येक वर्षांपासून असले स्कॅन पकडताहेत. आणि दिसला नसता म्हणून चाललं असतं? ही भाषा कुणाची, तपासनिसाची की चोराची? नीट विचार कर यावर.

दुसरी सबब, वेळ कमी होता. खोटं. वेळ होता, बसायची तयारी नव्हती. आधी पॅसिव्ह टेहळणी करायची होती. पॅसिव्ह म्हणजे समोरच्याच्या यंत्रणेला बोटही न लावता, जे आधीच उघड्यावर पडलंय ते गोळा करणं. त्यात वाचावं लागतं. ओळीला ओळ जुळवावी लागते. तासभर हाती काही लागत नाही आणि तरी उठायचं नसतं. एनमॅप मात्र कमांड दिली की भराभरा ओळी सोडतो. तुला वाटतं, केवढं काम चाललंय! काम एनमॅपचं चाललं होतं. तू चहा पीत होतास.

आणि त्या घाईत मिळवलंस काय? टी-फाईव्ह, एनमॅपचा सगळ्यात जास्त वेग, लावलास. त्या वेगात अचूकपणा हातचा जातो, उघडे पोर्ट निसटतात. एनमॅपच्या पुस्तिकेतच लिहिलंय. पोर्टचा आकडा दिला नाहीस, म्हणजे 65,535 पैकी नेहमीचे 1000 तपासले गेले. त्यावर अहवालात ठोकून दिलंस, 'बाकी सर्व बंद.' कशाच्या जोरावर?

काल रात्री मी सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीचे लॉग उघडले. एप्रिल 2018 नंतरचं सर्टिफिकेट त्या लॉगमध्ये नसेल तर क्रोम त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, म्हणून कंपन्यांची सबडोमेनं तिथे आपोआप उघडी पडतात. सीआरटी डॉट एसएचवर नाव टाकलं. एक जुना चाचणीचा सर्व्हर निघाला, त्यांचा स्वतःचा, विसरलेला. इंटरनेटवरची उघडी यंत्रं नोंदवणाऱ्या शोडानवर त्याचं लॉगिन पान महिन्यांपूर्वीच नोंदलेलं. त्यांच्या यंत्रणेला मी एक पॅकेट पाठवलं नाही. तुझ्या अहवालात हा सर्व्हर आहे? शोध. नाही सापडणार.

शोडानची नोंद शिळी असू शकते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच नंतर ॲक्टिव्ह करायचं. नेमक्या आयपीवर, ठरलेल्या वेळी, त्यांच्या माणसाला सांगून. ॲक्टिव्हला मी कधी नाही म्हटलं? आंधळेपणाने करायला नाही म्हटलं.

आणि 'पॅसिव्ह' या मथळ्याखाली तू काय लिहिलंयस? त्यांच्याच नेमसर्व्हरकडे झोन ट्रान्सफर मागितलास! लॉगिनच्या चौकटीत अवतरणचिन्ह टाकून पाहिलंस! दोन्हीत त्यांच्या सर्व्हरला थेट हात लागतो, हे पॅसिव्ह? मथळा बदलला की काम बदलतं का? क्लायंटला फसवायच्या आधी तू स्वतःला फसवलंस. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना हाच फरक फळ्यावर तू समजावलास. मी मागच्या बाकावर होतो. इतकं स्वच्छ मलाही सांगता आलं नसतं. दुसरा कुणी असता तर दोन ओळींची मेल टाकून मोकळा झालो असतो.

उद्या सकाळी 9 ला कागद घेऊन ये. प्रत्येक आयपीसमोर मालकाचं नाव, कुठून कळलं ते, आणि स्कोपच्या पत्रातलं कलम. तोवर क्लायंटच्या दिशेने एक पॅकेट जाता कामा नये. हात शिवशिवलेच, तर स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग त्यासाठीच ठेवलंय. तिथेही दिवसाला मोजकेच स्कॅन करा असं लिहिलंय, ते आधी वाच.

आता त्या पेमेंटवाल्यांना फोन लाव. काय झालं ते तूच सांगायचंस, सबबीशिवाय. मी इथेच बसलोय.