वाटणीचा कागद

2020 साली, टाळेबंदी ऐन भरात असताना, महाराष्ट्रात माकडांचा शोध चालू होता. ऱ्हीसस जातीची, लाल तोंडाची माकडे. कोव्हॅक्सिन ही कोविडची लस माणसाला टोचण्याआधी माकडांवर तपासायची होती. परदेशातून प्राणी आणण्याची सोय उरली नव्हती आणि देशातल्या संस्थांकडे होती ती माकडे बहुतेक म्हातारी. माणसे घरात बसल्याने वस्तीच्या आसपास मिळणारा खाऊ बंद झाला होता आणि माकडे रानात खोल शिरली होती. वनखात्याच्या मदतीने जंगल पिंजून काढल्यावर ती नागपूरजवळ सापडली. मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वीस माकडांवर चाचणी झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी ही हकिगत आपल्या पुस्तकात सांगितली आहे.

ही पुण्याची संस्था परिषदेचीच. लशीसाठी वापरलेला विषाणू तिनेच वेगळा केला आणि मे 2020 मध्ये हैदराबादच्या भारत बायोटेकच्या हवाली केला. विषाणू मोठ्या प्रमाणावर वाढवून निष्क्रिय करायचे आणि त्यापासून लस बनवायची हे तंत्र, कारखाना, उत्पादनाचा अनुभव कंपनीचा. दोघांत करार झाला. सरकारने 2021 मध्ये राज्यसभेत सांगितले की बौद्धिक संपदा सामाईक आहे, निव्वळ विक्रीवर पाच टक्के स्वामित्वधन परिषदेला मिळेल आणि लशीच्या खोक्यावर परिषदेचे नाव छापले जाईल. परिषदेचा अंदाजे खर्च 35 कोटी रुपये. जानेवारी 2022 अखेर तिला स्वामित्वधनापोटी सुमारे 172 कोटी मिळालेही होते. पैशाच्या हिशेबात कुणी कुणाला बुडवले असे म्हणायला जागा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जून 2024 मध्ये बातमी आली की पेटंटच्या अर्जांत परिषदेचे नावच नाही. कंपनीने लगेच खुलासा केला : हे अनवधानाने झाले, परिषदेला सहमालक म्हणून जोडण्याची प्रक्रिया सुरू केली आहे. कारण काय, तर अर्ज घाईत करावा लागला आणि परिषदेशी झालेला करार गोपनीय असल्यामुळे तो हाताशी नव्हता.

या शेवटच्या वाक्यापाशी मी अडलो. सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव ‘चुकून’ राहून गेल्याचे खुलासे महाराष्ट्राला नवे नाहीत. पण वाटणीचा कागद घरातल्याच माणसाला बघायला मिळाला नाही, असे कुणी तलाठ्याला सांगत नाही. कंपनीचा खुलासा खरा मानू. चूक दुरुस्त करण्याची तरतूद कायद्यात आहे आणि कंपनीने ती वापरली. पण खुलासा खरा असेल तर प्रश्न कंपनीहून मोठा होतो. सार्वजनिक पैशाने चालणारी संस्था एका खासगी कंपनीशी करार करते, तो इतका बंदिस्त ठेवला जातो की अर्ज भरणाऱ्यालाही दिसत नाही, मग ज्यांच्या करातून ते 35 कोटी आले त्यांनी तो कुठे शोधायचा?

कंपनीच्या बाजूने बोलणारे म्हणतील, विषाणू वेगळा करून देणे म्हणजे लशीचा शोध लावणे नव्हे. माकडांवर चाचणी करणे हेही नव्हे. कायद्याच्या भाषेत यात तथ्य आहे. पेटंट मिळते ते कल्पक पायरीला, कष्टाला नाही. नागपूरच्या रानात फिरलेल्यांची नावे कुठल्याच अर्जात येणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नाही. पण म्हणूनच करार लागतो. कायद्याने जो हक्क आपोआप मिळत नाही, तो दोन्ही बाजू आधी बसून ठरवतात. एकदा सामाईक ठरल्यावर कुणाचे डोके किती चालले हा वाद उरत नाही.

आणि नाव असले काय, नसले काय, पैसे तर मिळाले ना, असे विचारणाऱ्यांनी पेटंट कायद्याचे कलम 50 वाचावे. वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक ते तंत्र स्वतः वापरू शकतो, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला परवाना देऊ शकत नाही. म्हणजे नावाबरोबर येतो तो नकाराचा आणि होकाराचा अधिकार. एप्रिल 2021 मध्ये लशींसाठी रांगा लागल्या असताना परळच्या हाफकिन महामंडळाला कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली. अशा वेळी तंत्र कुणाला द्यायचे, कोणत्या अटींवर द्यायचे, हे ठरवणाऱ्या टेबलाशी जनतेची खुर्ची आहे की नाही, हे त्या नावावर ठरते. पाच टक्के हा मोबदला झाला. तो घेऊन खुर्ची सोडणे हा वाईट सौदा आहे, असे मला वाटते.

हे दुखणे आपलेच नाही. मॉडर्नाने अमेरिकेत लशीच्या एका महत्त्वाच्या अर्जात सरकारी आरोग्य संस्थेच्या तीन शास्त्रज्ञांना सहसंशोधक मानायला नकार दिला होता; बोभाटा झाल्यावर डिसेंबर 2021 मध्ये तो अर्ज सोडून दिला. आणि त्याच्याही शंभर वर्षे आधी टोरांटो विद्यापीठाचे इन्शुलिन. संशोधकांनी पेटंट प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला दिल्याची गोष्ट सगळे सांगतात, पुढची कुणी सांगत नाही. मे 1922 मध्ये विद्यापीठाने एली लिलीशी करार केला, कारण हवे तेवढे इन्शुलिन बनवणे विद्यापीठाला जमेना. लिलीच्या जॉर्ज वॉल्डनने शुद्धीकरणाची पद्धत सुधारली आणि ती सुधारणा कुणाची यावरून दोघांत जुंपलीच. त्यागाची भावना कितीही उदात्त असली तरी नंतर होणाऱ्या सुधारणांचा मालक ती ठरवत नाही. ते कागदावर लिहावे लागते.

आपल्याकडे विद्यापीठे आणि आयआयटी आता कंपन्यांशी धडाधड सामंजस्य करार करत आहेत. सह्यांचे फोटो छापून येतात, कलमे येत नाहीत. विचारले की माहिती अधिकार कायद्यातल्या कलम 8(1)(घ)कडे बोट दाखवता येते : व्यापारी गुपित, बौद्धिक संपदा, देता येत नाही. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे की व्यापक जनहितासाठी आवश्यक वाटले तर माहिती द्यावी. विषाणू निष्क्रिय करण्याची नेमकी कृती कंपनीने खुशाल कुलपात ठेवावी, ते तिचे गुपित. मालकी कुणाची, परवाना कुणी द्यायचा, सुधारणांवर हक्क कुणाचा, टंचाईत निर्णय कोण घेणार, या चार कलमांत व्यापारी गुपित कसले? ती संस्थेच्या संकेतस्थळावर टाकायला कंपनीची परवानगी कशाला लागावी, तशी अट करारातच घालता येते. अट घालण्याची ताकद सह्या होण्याआधी असते, विषाणू अजून आपल्या प्रयोगशाळेत असतो तेव्हा.