किल्लेदाराची निष्ठा

निष्ठा हा थोर सद्गुण आहे, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु निष्ठा कोणाशी आणि कोठवर, हा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो. आपल्या वऱ्हाडच्याच इतिहासातील एक प्रसंग या दृष्टीने मननीय आहे.

मेळघाटच्या डोंगरावरील गाविलगड हा नागपूरकर भोसल्यांचा बळकट किल्ला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. गडाच्या रक्षणाचा भार बेनीसिंग या राजपूत सरदारावर होता. १५ डिसेंबरला इंग्रज फौज तटाच्या आत शिरली. बेनीसिंग हटला नाही. आपल्या माणसांसह लढता लढता तो पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, त्याच्या धन्याने देवगाव येथे तह केला. वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. आपला यवतमाळचा मुलूखही त्यातच गेला. गाविलगड मात्र तहानुसार भोसल्यांकडेच राहिला!

मग बेनीसिंगाचे मरण व्यर्थ गेले काय? व्यवहारी माणूस 'होय' म्हणेल. परंतु ज्याच्या हाती ठेव सोपविली आहे, त्याने धनी उद्या काय करील याचा अंदाज बांधून आज ती सोडून द्यावयाची नसते. करिंथकरांस लिहिताना संत पौल कारभाऱ्याकडून विश्वासूपणाची अपेक्षा करतात, यशाची नव्हे.

१५६५ साली माल्टा बेटावर, रुग्णसेवेतून उदयास आलेल्या संत योहानाच्या संघाचे व्रतस्थ योद्धे सेंट एल्मो किल्ल्यात अखेरपर्यंत राहिले. २३ जूनला किल्ला पडला. पण त्यांनी मिळवून दिलेल्या अवधीमुळे बेट वाचले आणि सप्टेंबरात तुर्की फौज परतली. माल्टात बलिदानाचे फळ दिसले, गाविलगडावर दिसले नाही. फळ दिसले नाही म्हणून निष्ठेचे मोल उणे होत नाही.

येथवर बेनीसिंगापुढे मस्तक लववावे. परंतु इंग्रजांच्या नोंदी आणखी एक गोष्ट सांगतात. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून गडावरील सरदारांच्या बायकामुलींना ठार करण्याचे ठरले होते. त्यांपैकी काही मेल्या, काही जखमी अवस्थेत आढळल्या. येथे मात्र आपण थांबले पाहिजे. गड त्याच्या स्वाधीन केलेला होता. ते जीव नव्हते. ते परमेश्वराचे होते. मानवी अधिकाऱ्याच्या आज्ञेलाही मर्यादा आहे आणि देवाची आज्ञा तिच्याहून श्रेष्ठ आहे, असे संत थॉमस अक्वायनस शिकवितात. मग कुलाच्या अब्रूची आज्ञा तिच्याहून श्रेष्ठ कशी ठरेल?

वाचकहो, आपल्या हातीही लहानमोठे गड आहेत. कोणी धर्मग्रामाचा निधी सांभाळतो, कोणी शाळा, कोणी घर. त्यांसाठी आपण स्वतः झिजावे, अपमानही सोसावा; कोणी पाहत नसले तरी आपली जागा सोडू नये. परंतु संस्थेचे नाव राखण्यासाठी सत्य सांगणाऱ्याचा बळी देणे, किंवा घराण्याच्या अब्रूसाठी मुलीचे आयुष्य कोमेजू देणे, ही निष्ठा नव्हे. निष्ठावंत स्वतःला अर्पण करतो. दुसऱ्याला अर्पण करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.