पाय कुणाचे?

‘मास्तर, इतक्या पहाटे पळत निघालात! घरी सगळे बरे आहे ना?’

सहा-सात वर्षांपूर्वी दवनीवाड्याच्या रस्त्यावर मी प्रथम धावू लागलो, तेव्हा हा प्रश्न मला रोज निदान दोघे-तिघे तरी विचारीत. त्यांचे काही चुकत नव्हते. आमच्या धानाच्या मुलखात मोठा माणूस पळतो तो तीनच कारणांनी. बैल दावे तोडून निघून गेला म्हणून, घरात कुणाचे दुखणे वाढले म्हणून, किंवा गोंदियाची एस. टी. सुटते आहे म्हणून! यांपैकी काहीही घडलेले नसताना चाळिशीतला एक शाळामास्तर घामाने निथळत धुऱ्याधुऱ्याने पळतो आहे, हे दृश्य गावाच्या हिशेबात बसण्यासारखे नव्हतेच.

एकदा एका म्हाताऱ्याने मला थांबवून सगळी चौकशी केली. किती कोस पळता, कुठपर्यंत जाता, परत कधी येता. सारे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, ‘आणि याची मजुरी काय पडते?’

मी हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रोवणीच्या दिवसांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत चिखलात वाकून ज्याने आपली पाठ झिजवली आहे, त्याला अंगातले बळ असे फुकट उधळणारा माणूस चमत्कारिक वाटणारच. मी त्याला प्रकृतीचे कारण सांगितले. ते खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते. दिवसभर वर्गात ओरडून आणि रात्री कादंबरीची पाने खरडून मन जे आंबून जाते, त्यावर पहाटेच्या दोन-तीन कोसांसारखा उतारा नाही. धावताना मी कुणाचा बाप नसतो, कुणाचा नवरा नसतो, कुणाचा मास्तर नसतो. तासभर मी नुसता दोन पायांचा धनी असतो. माझी मजुरी ती होती.

आणि खरा पेचही तेथेच होता. संसारी माणसाला असे नुसते आपल्या पायांचे धनी होण्याचा अधिकार आहे काय?

त्या वेळी मी हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. छंद घरात शिरतो तो पाहुण्यासारखा. ओसरीवर बसतो, पाण्याचा तांब्या मागतो. काही दिवसांनी पाहावे, तर तो माजघरात अंथरूण टाकून बसलेला असतो! प्रथम माझी नुसती पहाट गेली. मग रविवार गेले. मग शर्यतींचे वेड लागले आणि प्रवास सुरू झाला. गोंदिया झाले, नागपूर झाले. पुढे महाराष्ट्र एक्स्प्रेस पाठीशी लागली. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी ही गाडी एकाच राज्यात तेराशे किलोमीटरांहून अधिक धावते. तिच्या खिडकीशी बसून मी वर्धा, भुसावळ, मनमाड, दौंड ही स्टेशने मोजली. बेचाळीस किलोमीटर धावण्यासाठी हजार किलोमीटर बसून जायचे, यातला विनोदही मला कधी जाणवला नाही.

या सगळ्याचे दाम कोण मोजीत होते? मी घरी नसे तेव्हा पोरांच्या ताटात भात पडत होता, म्हाताऱ्या आईला औषध वेळेवर मिळत होते, गोठ्यातले शेण निघत होते. ही कामे आपोआप होत नाहीत, एवढे समजण्याइतका शहाणा मी होतो. पण जे रोज बिनबोभाट होते, त्याचा हिशेब कुणी मांडीत नाही. एका भाऊबीजेला ताईच्या घरी ताटावरून मी घाईने उठलो. दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचा सराव चुकवायचा नव्हता. ‘आणखी एक करंजी घे रे,’ एवढेच ती म्हणाली. ती करंजी मी तशीच ताटात टाकली. कुणी रागावले नाही, भांडण झाले नाही. म्हणूनच मला वाटले की, माझे काही चुकलेले नाही.

गेल्या वर्षी श्रावणात घडले ते मात्र याहून वेगळे. दूरच्या एका शहरात शर्यत होती. पैसे भरले होते, तिकीट हाती होते. दोन महिन्यांपासून उजव्या टाचेच्या वर, मागच्या जाड शिरेत सकाळी कळ येई. चार पावले लंगडत टाकली की ती थांबे. आमच्या दोन बांध्यांची रोवणी पावसाने लांबली होती, ती नेमकी त्याच आठवड्यात आली. निघण्याच्या आदल्या रात्री सौ.ने विचारले, ‘अहो, पाय दुखतो का तुमचा? सकाळी लंगडताना पाहिलं मी.’

‘छे! पाय अगदी ठीक आहे,’ मी म्हणालो.

शर्यतीत सतराव्या किलोमीटरला मागून कुणीतरी दगड मारावा तसा आवाज झाला. मी वळून पाहिले. मागे कुणी नव्हते. पुढचे पाऊल टाकायला गेलो, तो पाय जागेवर नव्हताच. टाचेची शीर अर्धीअधिक फाटली होती. एका अनोळखी शहरातल्या फुटपाथवर मी बसलो होतो, तेव्हा माझी बायको घोटाभर चिखलात दहा बायांबरोबर वाकून पऱ्हे लावीत होती.

वैद्यकात या शिरेला अकिलीसचे नाव आहे. ग्रीकांच्या कथेत अकिलीस हा अजिंक्य वीर. बाळपणी त्याच्या आईने त्याला पाताळातल्या नदीत बुडवून काढले. त्यामुळे त्याचे सर्वांग अभेद्य झाले. फक्त तिने ज्या टाचेला धरले होते तेवढी टाच कोरडी राहिली आणि तेथेच बाण लागून तो मेला. आपल्याकडे दुर्योधनाची अशीच गोष्ट सांगतात. गांधारीच्या दृष्टीने त्याचा देह वज्राचा झाला. लाजेने झाकलेली मांडी तेवढी हाडामांसाची राहिली. शाळेत मी या गोष्टी कितीदा सांगितल्या असतील! पण पायाला प्लास्टर घालून खाटेवर पडलो तेव्हा ग्रीकांची कथा मला निराळी दिसू लागली. आईने जेथे हात धरला होता, तीच जागा दुबळी राहिली. माणूस घरच्यांच्या हातात जेथे असतो, तेथेच तो मर्त्य असतो. बाकीच्या देहाने त्याने खुशाल देव व्हावे. त्या वितभर जागेने मात्र तो कुणाचा तरी असतो.

त्या काळात माझे पाय खरोखरच माझे राहिले नव्हते. थोरला मुलगा सायकलवर मागे बसवून मला शाळेत नेई. धाकटी दप्तर आणि कुबडी सांभाळी. आई मोहाचे तेल कोमट करून बसे. डॉक्टरांनी चोळायला बंदी केली आहे, हे तिला पटवता पटवता माझी पुरेवाट झाली. शेवटी मी डावा, धडधाकट पाय तिच्यापुढे केला आणि तिने तोच मनोभावे चोळला!

पडल्या पडल्या मी स्वतःला धीर देण्यासाठी मोठमोठ्या धावपटूंची उदाहरणे आठवू लागलो. बेळगावचे फडेप्पा चौगुले आठवले. १९२० साली ते बोटीने अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले आणि मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे आठवले. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा हा मुलगा, शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायपीट करणारा. पुढे सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळवले. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीने त्याची आशियाई स्पर्धा हुकली होती; पण त्याच वर्षी त्याने १९८१ पासून टिकलेला गोपाळ सैनी यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पाहा, मी सौ.ला म्हणालो, दुखापत काय, होतच असते! खरा धावपटू पुन्हा उठतो.

पण उदाहरण पुरते आठवले की ते आपल्याच अंगावर उलटते. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत साबळे पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. गुडघ्याची शीर गेली, शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षीच्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेला तो मुकला. धावणे हेच ज्याचे काम, देशाचे नाव ज्याच्या छातीवर, तो माणूस मुकाट्याने बसला. आणि ज्याच्या धावण्याने जगात कुणाचे काही अडत नव्हते, त्या मला मात्र एक रविवार घरी बसवले नाही! त्याच्या चिकाटीचा दाखला मी देत होतो. त्याच्या थांबण्याचा दाखला मला नको होता.

आणखी एक नाव आठवले, आणि मग मात्र मी गप्प झालो. लता भगवान करे. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नाहीत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी, बारामतीच्या शर्यतीत धावली आणि जिंकली. त्यांच्या नावाचा चित्रपटही २०२० साली निघाला. गावच्या म्हाताऱ्याने त्यांना मजुरीचा प्रश्न विचारला असता, तर त्यांच्यापाशी चोख उत्तर होते. त्यांचे पाय कुणाचे, हा प्रश्न त्यांना पडलाच नसेल.

मग माझ्यासारख्याने काय करावे? कुणासाठी न धावणारा, केवळ स्वतःच्या सुखासाठी धावणारा, तो अपराधीच काय?

एका रात्री मी हताश होऊन म्हणालो, ‘आता पुरे. पाय बरा झाला तरी पळणं बंद.’ माझी समजूत अशी की, सौ.ला आनंद होईल. तिने हातातले काम थांबवले आणि म्हणाली, ‘तुम्ही पळता ना, त्याचं मला काही नाही. मला न सांगता पळता, त्याचं आहे. पाय दुखतो का म्हणून विचारलं, तर ठीक आहे म्हणालात. रोवणी पुढच्या आठवड्यावर गेली असती. मी म्हटलं असतं, जा. पण तुम्ही मला म्हणायला जागाच ठेवली नाही.’

मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला माणूस. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ मी थोडे चाळले, फारसे पचवले नाहीत. पण अनेक ग्रंथ चाळून जे सापडले नव्हते, ते मला या चार वाक्यांत सापडले. घरच्यांपासून घेतलेला वेळ थोडा की फार, हा खरा प्रश्नच नव्हे. मागून घेतलेला महिनाही दान असतो. न सांगता घेतलेला तासही चोरी असते. आणि मी जे छंद सोडण्याचे बोलत होतो, तोही त्यागाचा आव होता. तो ‘त्याग’ मी उद्यापासून तिच्या डोक्यावर ठेवला असता. ‘तुमच्यासाठी मी पळणे सोडले’ हे वाक्य मी तोंडाने उच्चारले नसते. पण ते घरात रोज कोपऱ्यात बसून राहिले असते.

आपण संसाराचा तोल सांभाळण्याची भाषा करतो, तेव्हा डोळ्यांपुढे किराणा दुकानातला तराजू असतो. एका पारड्यात घर, दुसऱ्यात छंद. हे चढले की ते उतरले. मला आता कावड अधिक जवळची वाटते. कावडीला दोन्ही बाजूंना ओझे लागते. एक बाजू रिकामी केली, तर चालणाऱ्याचा खांदा उलट अधिक दुखतो. आणि कावडीचा तोल उभे राहून साधत नाही, तो चालता चालता, पावलागणिक साधावा लागतो.

डॉक्टरांनी पायाविषयी सांगितले तेही याहून फार निराळे नव्हते. या शिरेला रक्ताचा पुरवठा तुटपुंजा, म्हणून ती भरून यायला महिनेच्या महिने लागतात. घाई केली तर पुन्हा फाटते. आणि भीतीने नुसते पडून राहिले तर कमकुवत होते. ती भरते ती मोजक्या, हळूहळू वाढवलेल्या भाराने. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच उचलायची, सावकाश खाली न्यायची. पंधरा वेळा, तीनदा. धाकटी शेजारी उभी राहून मोजी. मी एखादी उचल चुकवली की ती मास्तरांच्या मास्तरणीच्या थाटात म्हणे, ‘बाबा, तेरा झाल्या. दोन राहिल्या.’ विश्वासाची शीरही मला वाटते अशीच असते. तिलाही रक्त थोडे, तिलाही वेळ फार. आणि तीही रोजच्या लहान लहान खऱ्या बोलण्यानेच भरते.

गेल्या दिवाळीत मला ताईकडे जाता आले नाही, म्हणून तीच ओवाळणीचे ताट घेऊन दवनीवाड्याला आली. मी खाटेवर पाय लांब करून बसलो होतो. तिने ओवाळले आणि करंज्यांचा डबा पुढे केला. त्या दिवशी मी किती करंज्या खाल्ल्या, हे येथे सांगत नाही.

यंदा रोवणीला मी घरी होतो. बांधीत उतरायला बंदी होती, म्हणून धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या पेंड्या पुढे करीत होतो. रोवणी आटोपल्यावर एका पहाटे सौ.ला म्हटले, ‘आज थोडं पळून पाहू का? दुखलं तर सांगेन.’ ती म्हणाली, ‘चला, मी येते.’ डॉक्टरांनी चार मिनिटांची परवानगी दिली होती. घड्याळ तिच्या हातात होते. चार मिनिटे होताच तिने हाक मारली आणि मी थांबलो. आयुष्यात इतक्या शर्यती धावलो, पण कुणी थांब म्हटल्यावर थांबण्यात सुख असते, हे मला प्रथम तेव्हा कळले.

समोरून तोच म्हातारा बैल घेऊन येत होता. आम्हा दोघांना पाहून तो थबकला. ‘काय मास्तर, आता बाईंनाही पळवता की काय?’

‘नाही बाबा,’ मी म्हणालो, ‘आता बाई मला पळवतात.’

तो मनापासून हसला. मजुरीचे त्याने या वेळी काही विचारले नाही. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक असते, दंडार असते. यंदा शेजारच्या गावची मंडई पाहायला आम्ही सगळे पायी जाणार आहोत. आई हळू चालते, म्हणून सगळ्यांनीच तिच्या चालीने चालायचे ठरले आहे.