भात एकदाच बाहेर द्यायचा

पाटण खोऱ्यातल्या एका गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसायचा, आणि गावातली निम्मी माणसं तेव्हा नवी मुंबईत असायची. वाशीच्या बाजारात माथाडीचं काम करणाऱ्याला सात दिवसांची सुट्टी कोण देणार? मोबाइलवरून व्हिडिओ दाखवून झाला. पण पाठीवर गोणी असलेला माणूस मोबाइल धरणार कुठल्या हातानं? कान तेवढे मोकळे असतात. म्हणून साउंडवाल्याच्या धाकट्या पोरानं ठरवलं की कीर्तन इंटरनेटच्या रेडिओवरून सोडायचं.

पोरगा हुशार होता. कुणीतरी भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्यानं आणला, त्यावर लिनक्स चढवलं आणि आइसकास्ट नावाचं फुकट मिळणारं सर्व्हर सॉफ्टवेअर बसवलं. मिक्सरमधून वायर काढून यूएसबीच्या साउंड कार्डात घातली. 'बट' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम त्या आवाजाचं एमपीथ्री करून आइसकास्टला पुरवायचा. आइसकास्टचा मूळ पासवर्ड 'हॅकमी' असा असतो, म्हणजे चोराला आवतणच; यानं तो सगळ्यात आधी बदलला. पखवाजाची थाप फाटू नये म्हणून आवाजाची पातळी लाल रेषेच्या बरीच खाली ठेवली. राउटरमध्ये 8000 नंबरचं पोर्ट उघडलं. इथवर नाव ठेवायला जागा नव्हती.

बिटरेट ठरवताना मात्र गावाची शान आडवी आली. आवाज कसा, सीडीच्या तोडीचा पाहिजे! सेकंदाला 320 किलोबिट, तेही स्टिरिओ. आणि आत्ता किती जण ऐकतायत तो आकडा मोठ्या अक्षरांत पडद्यावर. खरं तर त्या आकड्यासाठीच त्याचा जीव टांगलेला होता.

पहिल्या रात्री बारा जणांपर्यंत सगळं सुरळीत चाललं. पुढचे आले आणि सगळ्यांचाच आवाज तुटायला लागला. वाशीहून निरोप आला, टाळ ऐकू येतात, अभंग निम्माच येतो. पोरानं इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या आणि सकाळी कॉम्प्युटरला जास्तीची रॅम बसवली. तिचा काय उपयोग! आलेला आवाज पुढं ढकलायला जुना कॉम्प्युटरही पुरतो. खोट दारात होती. कनेक्शनचा जाहिरातीतला वेग असतो तो खाली उतरवून घेण्याचा. वर पाठवायचा या गावाचा वेग होता 4 मेगाबिट. ऐकणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हरपासून वेगळी धार लागते, आणि 320 च्या बारा धारांतच 3,840 किलोबिट संपतात.

दुपारी तो भट्टीपाशी जाऊन बसला. आचारी मामांनी विचारलं, "काय रं, तोंड का पाडलंस?"

त्यानं सगळं सांगितलं. मामा डेग हलवत ऐकत होते.

"म्हंजे तुझं ते डबडंच शिजवतं आणि तेच पानापानाला जाऊन वाढतं?"

"हां."

"पाचशे पानांच्या पंगतीत मी घमेलं घेऊन फिराय लागलो तर शेवटच्या पानाला भात कवा मिळंल? मी भात एकदाच बाहेर देतो. वाढाय गावची पोरं हायत की."

पोराला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मोठ्या शहरातल्या एखाद्या सर्व्हरला गावातून एकच धार द्यायची, पुढचं वाटप त्यानं करायचं, ही रीत तो कोळून प्यायला होता. पण तसा सर्व्हर ओळखीत एकाकडेच होता, आणि तो होता घणसोलीचा चुलतभाऊ. धंद्यासाठी त्यानं मुंबईत भाड्यानं घेतलेला. बांधाच्या भांडणापासून दोन घरांत बोलणं बंद होतं. शिवाय धार तिकडं गेली की आकडाही तिकडच्याच पडद्यावर दिसणार. सप्ताह आपला, माईक आपला, आणि वाढप्याचा मान त्याला?

म्हणून दुसऱ्या रात्री त्यानं बिटरेट 128 वर आणला. एकतीस जणांपर्यंत धकलं. बाहेर राहिलेल्यांत त्याची थोरली बहीण होती. तिचा फोन आला, "काय रे, आपल्याच गावचा रेडिओ, आणि आम्हालाच दार बंद?"

त्या रात्री त्यानं वहिनीच्या मोबाइलवर मेसेज टाकला. थेट चुलतभावाला टाकायची हिंमत अजून नव्हती. उत्तर यायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, पासवर्ड आणि खाली एक ओळ, '64 वर ठेव, मोनो. बाजारात नेटवर्क मरतुकडं असतं.'

हा हिशेब पोरानं कधी केलाच नव्हता. 320 वर ऐकणाऱ्याचा तासाला 144 एमबी डेटा जातो, 64 वर 29 एमबीच्या आत भागतं. उजवं-डावं वेगळं ऐकायला वाशीत स्पीकर घेऊन बसलंय कोण? गावातून आता 64 किलोबिटची एकच धार बाहेर पडू लागली. राउटरचं पोर्टही त्यानं बंद करून टाकलं. आपणच बाहेर पाठवायचं तर बाहेरच्यांसाठी दार उघडं ठेवायला लागत नाही.

काल्याच्या दिवशी कीर्तन रंगात आलं असताना बुवांनी मध्येच विचारलं, "मुंबईची मंडळी किती ऐकतायत हो?"

मांडव मिक्सरकडं वळला. पोराच्या पडद्यावर एकच जोडणी दिसत होती.

"मला न्हाई दिसत बुवा. दादाला विचाराय लागंल."

दादा म्हणजे कोण ते अख्ख्या गावाला माहीत होतं. सोसायटीच्या चेअरमननी मोबाइल काढायच्या आत पोरानंच फोन लावला होता. पण आकडा विचारायचं राहूनच गेलं, तोंडातून निघालं ते, "दादा, टाळ लई येतायत का?"

"टाळ बरं हायत. बुवांचा माईक वाढव जरा."

त्यानं वाढवला. पण इथं केलेला बदल तिकडं ऐकू जायला वीसेक सेकंद लागतात. तोवर फोन ठेवता येईना.

"बांधाकडच्या रानात यंदा काय केलंयस?" दादानं विचारलं.