वंशावळ विदर्भाची, खुणा लेकींच्या

शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या नेरमध्ये, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, एक जुना शब्द घरोघरी फिरू लागतो : वंशावळ. जात वैधतेच्या अर्जाला ती प्रतिज्ञापत्रावर जोडावी लागते. बाप, आजोबा, पणजोबा इथवर नावे तोंडपाठ असतात. पुढच्या पिढीसाठी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढायची, आणि खरा गुंता तिथून सुरू होतो. एका नोंदीत ‘सखाराम’, दुसरीत नुसता ‘सख्या’. तो एकच माणूस की दोन? पुढचे सखाराम हे मागच्या सखारामांचे नातू की पुतणे? आजोबाचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत अशा वेळी फार महागात पडते.

ज्या भूमीवर ही धावपळ चालते, त्या विदर्भाच्या मूळ पुरुषाची वंशावळही अशीच आहे. फरक इतकाच, की तिची नक्कल द्यायला कुणी कारकून नाही. आहेत ती पुराणे. ‘वंश’ आणि ‘वंशानुचरित’ ही पुराणाच्या पाच लक्षणांपैकी दोन. म्हणजे याद्या सांभाळणे हे त्यांचे ठरलेले कामच होते. सूतांनी त्या पाठ केल्या, लेखकूंनी उतरवल्या आणि प्रत्येक हस्तांतरात काही नावे गळाली, काही जागा बदलून बसली.

विष्णुपुराणातली सुरुवातच चमत्कारिक आहे. यदूच्या वंशातला ज्यामघ हा राजा बायकोला वचकून असे. शैब्या तिचे नाव. मूल नव्हते, तरी दुसरे लग्न करायची त्याची छाती नव्हती. एका लढाईत जिंकल्यावर शत्रूच्या गोटात भांबावलेली राजकन्या सापडली. तिला रथात बसवून, मनात काही बेत रचत, राजा घरी आला. वेशीवर शैब्या उभी. “ही कोण?” या प्रश्नावर राजा गडबडला आणि बोलून गेला, “तुझी सून.” मुलगाच नाही तर सून कुठली? पण शब्द गेला तो गेला. पुढे उतारवयात शैब्येला मुलगा झाला, त्याचे नाव विदर्भ, आणि त्या मुलीशीच त्याचे लग्न लागले. मुलाआधी सून घरात आलेले हे बहुधा एकमेव राजघराणे असावे.

विदर्भाला तीन मुलगे : क्रथ, कैशिक आणि रोमपाद. पहिल्या दोघांची नावे जोडून ‘क्रथकैशिक’ हे देशाचेच नाव पडले. क्रथाच्या शाखेत खाली उतरत गेले की सात्वत येतो, मग वृष्णी, आणि त्या वृष्णींच्या कुळात श्रीकृष्ण. चेदी राजांचे मूळ काही पुराणे कैशिकाकडे नेतात, काही रोमपादाकडे. म्हणजे चेदीचा राजा शिशुपालही याच झाडाची फांदी. शिवाय तो कृष्णाचा आतेभाऊ, वसुदेवाची बहीण श्रुतश्रवा हिचा मुलगा. रुक्मिणीहरणाची कथा आपण दोन परक्या राजांची चढाओढ म्हणून ऐकतो. यादी पाहिली तर ते भाऊबंदांतले भांडण ठरते.

मग विदर्भाची राजकन्या रुक्मिणी कुठे बसते? इथे यादी मुकी होते. तिचा बाप भीष्मक या क्रमवार यादीत सापडत नाही. महाभारताच्या सभापर्वात तो भेटतो, पण भोज म्हणून आणि क्रथकैशिकांना जिंकणारा म्हणून. वंशज की विजेता? दमयंतीचा बाप भीम, इंदुमतीचा भाऊ भोज, हेही विदर्भाचे राजे. त्यांचीही जागा यादीत ठरत नाही. बाप हरवले, लेकी मात्र लख्ख आठवणीत राहिल्या.

नावांचा घोळ वेगळाच. विदर्भाचा मुलगा रोमपाद, आणि अंगदेशात ऋष्यशृंगाला बोलावणारा राजाही रोमपाद. त्या अंगराजाला विष्णुपुराण दशरथ असेही म्हणते. शिवाय क्रथाच्या शाखेतही एक दशरथ आहे, आणि यांतला कुणीही रामाचा बाप नव्हे. नावावरून माणूस जुळवायला गेलेला इथे हमखास फसतो.

हा गुंता सोडवायला एफ. ई. पार्जिटर बसले. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदावर काम केलेला हा माणूस. पुरावा कसा तपासायचा याची सवय हाडीमांसी भिनलेली. १९१३ साली त्यांनी कलियुगातील राजवंशांचा पाठ अनेक हस्तलिखिते ताडून छापला, १९२२ साली प्राचीन परंपरेवरचा मोठा ग्रंथ आला. त्यांनी वापरलेली किल्ली साधी होती : दोन याद्या जिथे एकमेकींना टेकतात, ते सांधे शोधायचे. लढाई हा एक सांधा. दुसरा, अधिक भरवशाचा, सोयरिकीचा.

अयोध्येच्या सगराची राणी केशिनी ही विदर्भाची राजकन्या. तिचा मुलगा असमंजस, नातू अंशुमान, पणतू दिलीप आणि त्याचा मुलगा भगीरथ. ही एक सोयरिक धरली की विदर्भ आणि सगर साधारण एका काळात येतात, आणि यादवांची लांबलचक यादी अयोध्येच्या यादीशेजारी मांडता येते. कालिदासाच्या रघुवंशात इंदुमती अजाला वरते. म्हणजे रामाची आजी विदर्भाची. यादीचे खांब मुलांचे, पण ते एका ओळीत उभे राहतात लेकींच्या लग्नांमुळे.

पार्जिटरांनी याद्यांवर फार विश्वास टाकला, असा आक्षेप पुढच्या अभ्यासकांनी घेतला आणि तो रास्त आहे. विदर्भ नावाचा राजा खरोखर झाला की देशाच्या नावावरून पूर्वज घडवला गेला, हे कुठलीही सोयरिक सिद्ध करू शकत नाही. पण सोयरिकीच्या कथांमागे भूगोल मात्र पक्का आहे. रुक्मिणीला परत आणल्याशिवाय विदर्भाच्या राजधानीत, कुंडिनपुरात, पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेतलेला तिचा भाऊ रुक्मी हरल्यावर भोजकटात राहिला. ते नाव वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या पाचव्या शतकातल्या चम्मक ताम्रपटात, अचलपूरजवळच्या गावाचे दान नोंदवताना, राज्याचे नाव म्हणून येते. त्याच रुक्मीची मुलगी पुढे रुक्मिणीच्या मुलाला, प्रद्युम्नाला, दिली गेली. मामाच्या मुलीशी लग्न ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. आणि जुने कुंडिनपूर मानल्या जाणाऱ्या वर्धेकाठच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी आजही आषाढीला पंढरपूरला जाते, ती माहेरची म्हणूनच.

नेरच्या अर्जदाराची वंशावळ आजही बापाकडूनच वर चढते. आत्या कुठल्या गावी दिली, आजी कुठल्या घरची, हे त्या कागदावर येत नाही. दोन सखारामांतला फरक मात्र घरातली म्हातारी नेमका याच खुणेने सांगते. अलीकडे एक बदल झाला आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत नाव लिहिण्याचा क्रम महाराष्ट्रात असा ठरला आहे : मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव.