तोट्याचे विमान कोणी चालवायचे?

23 सप्टेंबर 1989 रोजी पुण्याहून हैदराबादला निघालेले वायुदूत कंपनीचे डॉर्नियर विमान इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळले. आतले 11 जण गेले. उजनीचा फुगवटा आज ओळखला जातो तो भिगवणच्या रोहित पक्ष्यांमुळे, पाणी ओसरले की वर येणाऱ्या पळसदेवच्या देवळामुळे आणि पुणे-सोलापूरच्या पाणीवाटपाच्या भांडणामुळे. पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वीचा तो अपघात विस्मरणात जावा याचे मला वाईट वाटतेच. पण त्याहून अधिक खुपते ते हे, की ती कंपनीही विसरली गेली आणि लहान गावांना विमान द्यायचे तर त्याचा तोटा कोणी सोसायचा, हा तिने देशापुढे ठेवलेला प्रश्नही तिच्याबरोबर गेला.

वायुदूतची स्थापना जानेवारी 1981 ची. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून ती काढली, आधी ईशान्य भारतासाठी. तिथे डोंगर आणि नद्यांमुळे शंभर किलोमीटरला दिवस लागायचा, म्हणून गरज खरी होती. पुढे देशभरातून मागणी आली. आमच्या जिल्ह्यालाही विमान हवे, असे प्रत्येक खासदाराला वाटू लागले आणि भरात असताना ही कंपनी शंभराच्या आसपास ठिकाणी जाऊ लागली. आपल्याकडे कोल्हापूरसारख्या शहराला तिने मुंबईशी जोडले. 1993 मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि काही वर्षांत नावही उरले नाही.

डॉर्नियर 228 हे 19 आसनांचे विमान. त्याच्या परवान्याचा करार 1983 मध्ये झाला आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते कानपूरला बांधायला घेतले. हे विमान आखूड धावपट्टीवर उतरते, फार सोयी मागत नाही. पण त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही, म्हणून ते फार उंच जाऊ शकत नाही. मोठी जेट विमाने पावसाळी ढगांच्या वरून जातात, याला त्या ढगांतूनच वाट काढावी लागते. हिशेबही अवघड. दीडशे आसनांच्या विमानाला दोन वैमानिक लागतात आणि 19 आसनांच्यालाही दोनच, म्हणजे तोच पगार एकोणीस तिकिटांवर पडतो. इंधन सर्वांत जास्त जळते ते वर चढताना, आणि लहान अंतरात विमान वर चढून स्थिरावते तोवर उतरायची वेळ येते. चाके, ब्रेक, इंजिन यांची झीज किलोमीटरवर कमी आणि उड्डाणांच्या संख्येवर जास्त अवलंबून असते. निम्मी आसने रिकामी गेली की बुडालेच. वायुदूतच्या कारभारात दोष असतीलही. पण उत्तम कारभार असता तरी हा हिशेब बदलला नसता, हे मान्य केल्याशिवाय तिला न्याय मिळणार नाही.

आणि हा प्रश्न वायुदूतपासून सुरू झालेला नाही. त्याचा एक आधीचा धागा त्याच इंदापूर तालुक्यातून जातो. 1882 मध्ये सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1930 च्या दशकात कळंबच्या परिसरात साखर कारखाना उभा केला, त्यातून वालचंदनगर झाले. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने भारतात बनावीत, भारतीयांच्या मालकीची असावीत, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. 1942 मध्ये सरकारने त्यांचे भाग विकत घेतले. त्याच कंपनीची पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली, जिने वायुदूतसाठी डॉर्नियर बांधली. उजनीच्या काठावर उभे राहून हा क्रम मनात जुळवला तर मन सुन्न होते.

त्याच काळात एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया नावाची मुंबईची एक कंपनी होती. भावनगर, राजकोट, जामनगर या काठियावाडी संस्थानांकडे तिची लहान विमाने जायची. दुसऱ्या महायुद्धात ही सेवा थांबली. 1943 मध्ये ती कंपनी विकत घेतली वालचंदांनी उभ्या केलेल्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशनने. युद्ध संपल्यावर लष्कराची डकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली, परवाने सढळ हाताने वाटले गेले आणि प्रवाशांच्या मानाने कंपन्या फार झाल्या. 1950 मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष समितीने हेच दाखवून दिले. 8 एप्रिल 1953 ला वालचंद गेले आणि 1 ऑगस्ट 1953 रोजी एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियासह आठ कंपन्यांच्या सेवा इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या.

खासगी मालकी बुडाली म्हणून सरकारी आली, सरकारी बुडाली म्हणून पुन्हा खासगी. 2016 मध्ये केंद्राने उडान योजना आणली: अर्ध्या आसनांना तासाभराच्या प्रवासासाठी सुमारे अडीच हजार रुपयांची मर्यादा आणि कंपनीची तूट तीन वर्षे सरकार भरणार. नांदेड, जळगाव, कोल्हापूर इथे विमाने आली, लोकांनी आनंदाने स्वागत केले. ती विमाने चालवणाऱ्यांपैकी ट्रूजेट आणि एअर डेक्कन या कंपन्या आज नाहीत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालाचे आकडे बोलके आहेत: मंजूर 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी फक्त 112 मार्गांनी तीन वर्षे पुरी केली. त्यानंतर मार्च 2023 पर्यंत टिकले अवघे 54.

फ्रान्समध्येही प्रादेशिक कंपन्या गेल्या. ब्रिटनी प्रांतात मोर्ले या छोट्या गावी 1973 मध्ये निघालेली ब्रिट एअर 2013 मध्ये दुसऱ्या कंपनीत विरली. माँपेलिएची एअर लिटोरल 2004 मध्ये बंद पडली. पण युरोपात एक व्यवस्था आहे. एखादा दुर्गम मार्ग लोकांसाठी आवश्यक ठरला की शासन त्याची निविदा काढते, आठवड्याला किती फेऱ्या हव्यात ते ठरवून देते आणि तूट भरते. मुदत संपली की पुन्हा निविदा. ओरियाक हे डोंगराळ भागातले गाव आजही पॅरिसला अशाच कराराने जोडलेले आहे. कंपनी बदलली तरी सेवा राहते. आपल्याकडे कंपनीचे आयुष्य आणि सेवेचे आयुष्य एकच धरले गेले, त्यामुळे कंपनीबरोबर प्रत्येक वेळी गावाचे विमानही गेले. एसटी 1948 पासून तोट्याच्या वाडीवर जाते, कारण ती सेवा आहे हे आपण मान्य केले आहे. विमानाबाबत हे मान्य करायला आपण कचरतो.

त्याच फ्रान्सने आणखी एक केले. जिथे रेल्वेने अडीच तासांत पोचता येते अशा काही मार्गांवरची विमाने 2023 मध्ये कायद्याने बंद केली. इंदापूरशेजारच्या बारामतीला हा निकष मी मुद्दाम लावून पाहतो. औद्योगिक विकास महामंडळाने इथे धावपट्टी बांधली. 2009 मध्ये लातूर, नांदेड, यवतमाळ, उस्मानाबादच्या धावपट्ट्यांबरोबर ती खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिली गेली. नियमित प्रवासी विमान तिथे रुजले नाही, आणि रुजायला नको असेच माझे मत आहे. पुणे शंभर किलोमीटरवर आहे. बारामती-इंदापूरच्या माणसाला वेळेवर रेल्वे आणि भरवशाची एसटी हवी. धावपट्टीवर वैमानिक शिकतात हा तिचा योग्य उपयोग आहे, मात्र तिथली सुरक्षितता कडक हवी. ऑक्टोबर 2023 मध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने तिथे कोसळली होती.

विमानावर सरकारी पैसा खर्च करायचाच तर तो गडचिरोलीसाठी, नंदुरबारसाठी करावा, जिथे मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचायला दिवस जातो. आणि त्या जिल्ह्यांतल्या वाचकांना माझी विनंती आहे: तुमच्या गावी विमानतळाची कोनशिला बसेल तेव्हा मंत्र्यांना पहिल्या विमानाची तारीख विचारू नका. चौथ्या वर्षी तूट कोण भरणार, ते लेखी मागा.