आकडा आणि शेजार

ओळखीतल्या एका तरुणाला फुफ्फुसाचा टीबी निघाला. भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "प्रतिकारशक्तीच कमी पडली त्याची." हे वाक्य मला फार खुपतं. त्यात आजाराचं खापर आजाऱ्यावर फुटतं, आणि प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतल्या पाण्यासारखी मोजता येणारी गोष्ट, असं गृहीत धरलेलं असतं.

पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, हे शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण पेशी किती, याच्या आधी विचारायला हवं ते त्या कुठे आहेत आणि कोणाच्या शेजारी आहेत. आपल्या लिम्फोसाइट पेशींपैकी जेमतेम दोन टक्के एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या प्लीहा, लसीकाग्रंथी, आतडी अशा ऊतींमध्ये. टीबीचा झगडा तर फुफ्फुसातल्या ग्रॅन्युलोमा नावाच्या बारीक गाठीत चालतो. तिची चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी: मध्ये मेलेला, भुसभुशीत भाग, त्याभोवती मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, मधूनच अनेक केंद्रकं कडेने मांडलेली एखादी महाकाय पेशी, आणि बाहेर टी पेशींचं कडं. गिळलेला जंतू मारायला मॅक्रोफेजला टी पेशीचा इशारा लागतो, पण बऱ्याच टी पेशी कडेलाच राहतात. रक्तात त्या भरपूर असून काय उपयोग?

ही गाठ म्हणजे जंतूला कोंडणारी भिंत, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. मला ते कधीच पटलं नाही. बडोद्याला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या ललिता रामकृष्णन यांच्या सिएटलच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत, टीबीच्या जंतूच्या एका भाऊबंदाचा संसर्ग जिवंतपणी पाहिला. जंतूंनी भरलेली मॅक्रोफेज मरते, तिला गिळायला नव्या येतात, त्यांनाही लागण होते, आणि त्यातल्या काही दुसरीकडे जाऊन नवी गाठ मांडतात. म्हणजे सुरुवातीला तरी ती गाठ जंतूच्याच पथ्यावर पडते!

तरीही भिंतीची कल्पना साफ मोडीत काढता येत नाही. संधिवातासाठी टीएनएफ हा पेशींमध्ये दाहाचा इशारा पोचवणारा रेणू अडवणारी औषधं आली, आणि काही रुग्णांत वर्षानुवर्षं दबलेला टीबी उसळला. म्हणून आज ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. एचआयव्हीत सीडी४ नावाच्या टी पेशी घटल्या की टीबीचा धोका कितीतरी वाढतो. तेव्हा आकड्यालाही अर्थ आहे, हे मानावंच लागतं. मात्र त्याच रुग्णांत सीडी४ फार खाली गेल्यावर फुफ्फुसात पोकळ्या कमी पडतात, कारण त्या पोकळ्या बऱ्याच अंशी आपल्याच पेशींच्या जोरामुळे पडतात. माकडांत तर एकाच फुफ्फुसातली एक गाठ जंतुमुक्त होते आणि दुसरी वाढत जाते. मग त्या प्राण्याची प्रतिकारशक्ती कमी म्हणायची की जास्त?

तरी आकडा मोजतात तो रक्तातलाच, कारण रक्त दंडातून मिळतं. माणसाच्या फुफ्फुसातली गाठ मिळते ती शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनात, तीही कोणी संमती दिली तर. उद्या डॉक्टरांनी काढलेल्या ऊतीचा तुकडा संशोधनासाठी मागितला, तर घाईने नाही म्हणू नका. काय तपासणार ते विचारा, आणि पटलं तर सही करा.